‘किती वाजता?’ हा अर्धाच प्रश्न

गेल्या वर्षी ३ नोव्हेंबरला, सोमवारी, माझ्या भाच्याची ऑनलाइन मुलाखत होती. मुलाखत घेणारे न्यूयॉर्कचे. मेलमध्ये वेळ दिली होती: सोमवार, सकाळी ९, ईस्टर्न टाइम. पोरगा हुशार. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, हे त्यानं शुक्रवारीच फोनवर पाहून ठेवलं होतं. नवात साडेनऊ मिळवले, संध्याकाळचे साडेसहा आले. सव्वासहाला वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली बर्मुडा अशा थाटात तो लॅपटॉपसमोर बसला. साडेसहा झाले, पावणेसात झाले, पलीकडे कोणीच नाही. सात वाजता त्यानं लॅपटॉप मिटला, “टाइमपास करून राहिले बे हे लोक,” म्हणाला आणि मित्राच्या गाडीवर बसून फुटाळा तलावावर चहा प्यायला निघून गेला. साडेसातला न्यूयॉर्कवाले आले. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि तेही गेले.

झालं असं, की आदल्या दिवशी, रविवारी पहाटे, अमेरिकेनं आपली घड्याळं एक तास मागे घेतली होती. शुक्रवारी साडेनऊ तासांचा असलेला फरक सोमवारी साडेदहा तासांचा झाला होता. पोराची बेरीज बरोबर होती, पण त्यानं मिळवलेला आकडा शिळा होता.

मी स्वतः बरीच वर्षं परदेशातल्या टीमसोबत काम करतो. परसोडीचं आयटी पार्क असो की मिहान, नागपुरात हे काम करणाऱ्यांची कमी नाही. आणि ज्यांचा आयटीशी काही संबंध नाही, त्यांच्याही घरचं कोणी ना कोणी न्यू जर्सीत, मेलबर्नला नाहीतर दुबईत असतंच. तरीही ही चूक दर मार्चला आणि दर नोव्हेंबरला नव्यानं होते. म्हणून हे प्रकरण एकदा पायापासून समजून घेऊ.

बारा म्हणजे कुठले बारा?

सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा, ही मूळ कल्पना. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. त्यामुळे पूर्वेच्या गावात बारा आधी वाजतात, पश्चिमेच्या गावात नंतर. नागपूर मुंबईच्या सुमारे सव्वासहा अंश पूर्वेला आहे. आपल्या डोक्यावरचा सूर्य मुंबईच्या डोक्यावर जायला आणखी २५ मिनिटं लागतात.

आपल्या मनगटावरची वेळ मात्र ना नागपूरची आहे, ना मुंबईची. ती आहे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ही रेषा उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते आणि नागपूर तिच्या सुमारे ३.४ अंश पश्चिमेला आहे. अंशाला ४ मिनिटं धरली, की आपण साधारण १४ मिनिटांनी मागे पडतो. याचा पुरावा गच्चीवर मिळतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे पाहायला बरोबर बारा वाजता गच्चीवर गेलात, तर सावली अजून शिल्लक दिसेल. ती जाते बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी. (रेखांशामुळे येणारा फरक १४ मिनिटांचा, पण पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात काही मिनिटं इकडेतिकडे होतात.)

पूर्वी प्रत्येक मोठ्या शहराचे स्वतःचे बारा होते. कलकत्त्याची वेळ वेगळी, मुंबईची वेगळी. कोणाचं अडत नव्हतं, कारण एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचायलाच दिवस लागायचे. अडचण आणली रेल्वेनं. गाडी एकाच रुळावर धावणार आणि प्रत्येक स्टेशनचं घड्याळ वेगळं, तर वेळापत्रक छापायचं कुठल्या घड्याळानं? आपल्याकडे रेल्वेनं त्यासाठी मद्रासची वेळ धरली. मग १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईकरांनी मात्र आपली जुनी वेळ सहजासहजी सोडली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं, १९५५ पर्यंत, तिथे ‘मुंबई टाइम’ चालू होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचा.

ग्रीनविच म्हणजे घड्याळांचा झिरो माइल

आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या स्तंभावर जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, चांदा अशा गावांची अंतरं कोरलेली आहेत. त्या दगडात अशी काही जादू नाही, की अंतर तिथूनच सुरू व्हावं. मोजायला कुठलातरी एक शून्य लागतो, तो तिथे धरला. वेळेचंही तसंच. १८८४ साली वॉशिंग्टनला पंचवीसेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि लंडनजवळच्या ग्रीनविच वेधशाळेतून जाणारी रेषा शून्य रेखांश धरायची असं ठरलं. इंग्लंडचं आरमार मोठं, जगातली बहुतेक जहाजं आधीच त्या रेषेचे नकाशे वापरत होती, म्हणून ग्रीनविच. त्यामागे सूर्याचा काही खास हुकूम नव्हता.

आज या शून्याच्या वेळेला यूटीसी म्हणतात. ती अणुघड्याळांवर चालते आणि कुठल्याच देशाच्या उन्हाळ्या-हिवाळ्यानं हलत नाही. जगातल्या प्रत्येक ठिकाणची वेळ म्हणजे यूटीसी अधिक किंवा उणे काहीतरी. भारत अधिक साडेपाच. दुबई अधिक चार, सिंगापूर अधिक आठ, जपान अधिक नऊ. दोन गावांमधला फरक काढायचा तर दोघांचे यूटीसीपासूनचे फरक घ्या आणि वजाबाकी करा. दुबई आपल्या दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. इथपर्यंत पाचवीतलं पोरगंही करेल.

‘आपल्यालाच हा अर्धा तास कशाला चिकटवला?’ असं पुष्कळ लोक विचारतात. कारण भारत पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश पसरला आहे आणि त्याच्या मधोमध येणारी सोयीची रेषा साडेब्याऐंशी अंशांची. तिला १५ नं भागा, साडेपाच येतात. अर्ध्या तासावर आपली मक्तेदारीही नाही. ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड साडेनऊवर आहे. नेपाळ तर पावणेसहावर, म्हणजे आपल्या फक्त १५ मिनिटं पुढे. काठमांडूतल्या माणसाला ‘दोन मिनिटांत फोन करतो’ म्हटलं तर ठीक, पण ‘दहा वाजता करतो’ म्हणालात, की गंमत होते.

सकाळची शाळा आणि सरकलेले काटे

खरी मेख पुढे आहे. फरक कायम असता, तर भाच्याची मुलाखत बुडाली नसती.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय करतात? एप्रिल आला की शाळा सकाळची होते. पोरं सातला जातात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. घड्याळ तेच राहतं, शाळेची वेळ बदलते. थंड देशांनी उलटा विचार केला. तिकडे उन्हाळ्यात सूर्य पहाटे चारसाडेचारलाच उगवतो आणि तो उजेड लोकांच्या झोपेत वाया जातो. मग शाळा, कचेऱ्या, दुकानं, गाड्या या सगळ्यांचं वेळापत्रक बदलण्यापेक्षा घड्याळच एक तास पुढे केलं तर? सगळा देश आपोआप एक तास लवकर उठेल आणि संध्याकाळी उजेडाचा एक तास जास्त मिळेल. याला डेलाइट सेव्हिंग म्हणतात. आपण इथून पुढे उन्हाळी वेळ म्हणू. देशभर ती आधी लागू केली जर्मनीनं, १९१६ च्या एप्रिलअखेरीस, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं एक तास पुढे केली होती. ती सवय आपल्याला लागली नाही हे बरंच झालं.

आता गोंधळाचं मूळ. सगळे देश घड्याळ एकाच दिवशी सरकवत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप आणि इंग्लंड मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. सिडनी-मेलबर्नला ऋतूच उलटे, म्हणून तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. त्याच ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन काहीच करत नाही. अमेरिकेतही हवाई करत नाही आणि ॲरिझोना करत नाही, पण ॲरिझोनातच असलेल्या नावाहो लोकांच्या प्रदेशात करतात! फिनिक्सला कोणी नातेवाईक असतील, तर त्यांचा आपल्याशी फरक बारा महिने साडेबारा तास. त्यांना फोन करणं सगळ्यात सोपं.

समजा न्यूयॉर्क, लंडन आणि नागपूर अशा तिघांची रोजची मीटिंग न्यूयॉर्कच्या सकाळी साडेनऊला बांधलेली आहे. २०२६ साली ती अशी फिरते. ७ मार्चपर्यंत लंडनला दुपारचे अडीच, नागपुरात रात्रीचे आठ. ८ मार्चला न्यूयॉर्कनं घड्याळ पुढे केलं, की लंडनला दीड आणि नागपुरात सात. २९ मार्चला लंडननंही पुढे केलं, तर लंडन परत अडीचवर, नागपूर सातवरच. २५ ऑक्टोबरला लंडन मागे आलं की पुन्हा दीड. १ नोव्हेंबरला न्यूयॉर्क मागे आलं की लंडन अडीच, नागपूर आठ. न्यूयॉर्कचा माणूस वर्षभर साडेनऊलाच कॉफीचा कप घेऊन बसतो आणि बाकीच्यांना त्याच्या मागे पळावं लागतं. आणि नागपूरकर, ज्यानं आपल्या घड्याळाला वर्षभर हातही लावला नाही, त्याची मीटिंग मात्र वर्षातून दोनदा सरकते. आमच्याकडे एक मित्र वैतागून म्हणाला होता, “आपण तं काईच केलं नाही जी, मग आपलंच जेवण काऊन थंड होऊन राहिलं?” त्याचं उत्तर हेच: मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधली आहे, ते पाहा.

हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दर आठवड्याच्या मीटिंगला एक मालक शहर असतं. ज्या शहराच्या वेळेवर ती बांधली, तिथे ती हलत नाही, बाकी सगळीकडे हलते. आमंत्रण पाठवताना कॅलेंडरमध्ये हे शहर निवडता येतं, पण कोणी निवडत नाही. जो आमंत्रण बनवतो, त्याचं शहर आपसूक मालक होतं.

घड्याळ उलटं धरायची युक्ती

आमच्या लहानपणी एक काका क्रिकेटच्या दिवसांत मनगटावरचं घड्याळ काढायचे, उलटं धरायचे आणि लंडनची वेळ सांगायचे. आम्ही थक्क. युक्ती खरी आहे. काट्यांचं घड्याळ उलटं केलं की तास-काटा सहा तास आणि मिनिट-काटा तीस मिनिटं सरकल्यासारखा दिसतो, आणि साडेपाच तासांचा फरक बऱ्यापैकी वाचता येतो. पण ती चालते फक्त हिवाळ्यात. इंग्लंडमध्ये कसोटी सामने होतात उन्हाळ्यात, तेव्हा फरक साडेचार तासांचा असतो. तिथे सकाळी अकराला सुरू होणारी कसोटी आपल्याला दुपारी साडेतीनला दिसते. साडेतीनला घड्याळ उलटं धरून काकांना दहा दिसायचे. म्हणजे ज्या दिवसांत युक्तीची गरज, नेमकी त्याच दिवसांत ती चुकीची.

अमेरिकेसाठी मी वापरतो तो तोंडी हिशेब असा. कॅलिफोर्नियासाठी सकाळची रात्र करा, रात्रीची सकाळ करा, आणि उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात दीड तास वजा करा. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तर तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात. न्यूयॉर्कसाठी तसंच उलटवून उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास मिळवा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. दोन महिने सवय केली की बोटंही मोजावी लागत नाहीत. फक्त मार्च आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वतःवर विश्वास ठेवू नका.

मंगळवारी रात्री दोन वाजता म्हणजे कुठल्या दिवशी?

तासांची चूक एक तासाची असते. तारखेची चूक अख्खा दिवस घेऊन जाते, आणि ही चूक करण्यात आपण मराठी माणसं विशेष पटाईत आहोत. त्याला कारणही आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. आजी ‘मंगळवारी रात्री दोनला कुत्रं भुंकत होतं’ म्हणते, तेव्हा घड्याळाच्या हिशेबानं तो बुधवार असतो. आपल्या बोलण्यात रात्र मागच्या दिवसाची, कॅलेंडरमध्ये ती पुढच्या दिवसाची. नागपूर स्टेशनवर मध्यरात्रीच्या आसपास गाड्यांची रांग असते, आणि ००:२० च्या गाडीचं तिकीट घेतलेला माणूस बरोबर चोवीस तास उशिरा फलाटावर उभा, हे दृश्य टीसींना नवं नाही.

आता यात अमेरिका मिसळा. कॅलिफोर्नियातला साहेब म्हणतो, ‘शुक्रवारी दुपारी दोनला बोलू.’ उन्हाळ्यात ते आपले शनिवारचे पहाटे अडीच. तो म्हणतो शुक्रवार, तुम्ही शुक्रवारची रात्र समजता, फोन शनिवार म्हणतो, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

गंमत म्हणजे हे समजायला सगळ्यात चांगलं साधन पंचांगच आहे. तिथी बदलते ती चंद्र-सूर्यामधल्या कोनावर. तो क्षण साऱ्या जगात एकच असतो, नागपुरात वेगळा आणि न्यू जर्सीत वेगळा असं नसतं. पण एकादशी कुठल्या तारखेला धरायची, हे त्या-त्या गावच्या सूर्योदयावर ठरतं. म्हणून कधीकधी इथे बुधवारी एकादशी आणि तिकडच्या सुनेचा उपास मंगळवारी, असं होतं. सासूबाई म्हणतात, चुकली. चुकलेली नसते. तिथीचा क्षण म्हणजे यूटीसी, आणि उपासाचा दिवस म्हणजे स्थानिक तारीख. क्षण एक, त्याची नावं गावागणिक वेगळी. ज्यांना हे पटतं, त्यांना टाइम झोन शिकवायचा राहत नाही.

तारखेची रेषाही माणसांनीच आखलेली आहे, आणि ती हलते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआनं २०११ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून रेषेची बाजू बदलली. त्या वर्षी तिथे ३० डिसेंबर उगवलाच नाही. गुरुवारी झोपलेली माणसं थेट शनिवारी उठली.

पण फोन सगळं सांगतो ना?

सांगतो, आणि बरोबर सांगतो, जर त्याला नीट विचारलं तर. कॅलेंडरचं आमंत्रण आलं की फोन ते तुमच्या गावच्या वेळेत दाखवतो, पुढच्या मार्चचा बदलही आधीच धरून. फोनच्या सेटिंगमध्ये नागपूरऐवजी ‘एशिया/कोलकाता’ दिसतं, त्यानं बिचकू नका. घड्याळाचे नियम सारखे असलेल्या प्रदेशाला एका मोठ्या शहराचं नाव द्यायची ती पद्धत आहे. फोनमधल्या अशा नावांच्या यादीत प्रत्येक प्रदेशानं कधी-कधी घड्याळ हलवलं याचा इतिहास साठवलेला असतो.

गाडी अडते ती माणसानं हातानं लिहिलेल्या वेळेवर. व्हॉट्सॲपवर कोणी ‘उद्या ९ ला’ लिहिलं, तर फोन बिचारा काय करणार? त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं. आयएसटी म्हणजे आपल्यासाठी भारतीय वेळ, पण इस्राईल आणि आयर्लंडही आपल्या वेळेला आयएसटीच म्हणतात. सीएसटी म्हणजे शिकागोची वेळ, आणि चीनचीही. दोघांत चौदा तासांचं अंतर. ईएसटीचं तर विचारूच नका. हे न्यूयॉर्कच्या फक्त हिवाळी वेळेचं नाव आहे, पण तिकडचे लोक जुलैतही सवयीनं ईएसटी लिहितात. शब्दशः घेतलं तर ‘सकाळी १० ईएसटी’ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, आणि त्यांच्या मनात असतात साडेसात. म्हणून मी आद्याक्षरं लिहीत नाही आणि तासांचा फरकही लिहीत नाही. शहर लिहितो. शहराला आपलं घड्याळ कधी हलवायचं ते ठाऊक असतं, ‘उणे पाच’ या आकड्याला नसतं.

फोनवर शंभर टक्के विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. घड्याळ हलवणं हा सरकारी निर्णय असतो, आणि सरकारं ऐनवेळी मन बदलतात. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारनं उन्हाळी वेळ पुढे ढकलल्याचं अगदी शेवटच्या दिवसांत जाहीर केलं. काही संस्थांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. शेवटी निर्णय मागे घ्यावा लागला. अशा वेळी फोनला तरी कोण कळवणार?

मग सगळ्या जगाला एकच वेळ का नको?

विमानांना आहेच. नागपूरच्या आकाशातून दिवसभर जी विमानं जातात, त्यांचे वैमानिक आणि नियंत्रक यूटीसीमध्येच बोलतात. पण यूटीसीत बोलणं आणि यूटीसीत जगणं यात फरक आहे. उद्यापासून सगळ्यांनी यूटीसी वापरली, तर आपले लोक पहाटे साडेचारला ऑफिसात जातील, म्हणजे आजच्या सकाळी दहाला. नावं बदलतील, पण ‘न्यूयॉर्कचा माणूस आत्ता जागा आहे का?’ हा प्रश्न तसाच राहील. आज त्याचं उत्तर घड्याळाच्या आकड्यावरून कळतं, तेव्हा तेही कळणार नाही.

चीननं मोठ्या देशात एकच वेळ चालवून पाहिली आहे. पाच झोन बसतील एवढा रुंद देश, वेळ एक, बीजिंगची. परिणाम असा, की पश्चिमेकडच्या शिनजियांगमध्ये बरेच लोक खासगीत दोन तास मागची स्थानिक वेळ पाळतात. आपल्याकडेही आसामच्या मळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवायची ‘चायबागान’ वेळ जुनी आहे. सूर्य शेवटी आपलं म्हणणं खरं करतो.

उन्हाळी वेळच बंद झाली तर? मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतांश देशात ती बंद केली. युरोपीय संसदेनं २०१९ मध्ये बंद करायच्या बाजूनं मत दिलं, पण अंमल झाला नाही. अमेरिकेच्या सिनेटनं २०२२ मध्ये उन्हाळी वेळच बारमाही करायचं विधेयक मंजूर केलं, ते पुढच्या सभागृहात अडकलं. उद्या हे सगळं झालं, तर मार्च-नोव्हेंबरची कटकट जाईल. कॅलिफोर्निया साडेबारा तास लांबच राहील.

सगळ्यांना सोयीची वेळ

ती नसते. हे एकदा कबूल केलं की मीटिंग ठरवणं सोपं होतं.

नऊ ते सहाचा दिवस धरा. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि हिवाळ्यात साडेदहा. आपले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे आदल्या संध्याकाळचे साडेआठ. दोघांच्या कामाच्या वेळा एक मिनिटही एकमेकांवर येत नाहीत. यात लंडन टाकलं, तर नागपुरात रात्री साडेआठ, लंडनला दुपारी चार आणि कॅलिफोर्नियात सकाळी आठ ही एवढीच फट उरते. लंडन मजेत, कॅलिफोर्निया थोडं लवकर उठतं आणि ताट नागपूरकराचं थंड होतं. वर्षानुवर्षं हेच चालतं, कारण आमंत्रण तिकडून येतं आणि आपण ‘चालते जी, आपल्याले काय’ म्हणून मोकळे होतो.

मी पूर्वी एका कंपनीत वर्षभर रात्री अकराच्या मीटिंगला बसत होतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं, आणि पलीकडच्यांना माझे किती वाजलेत हे कधी मोजावंच लागलं नव्हतं. बायको म्हणायची, “तुझं ऑफिस झोपतच नाही का गं बाई कुठं?” (मला ‘गं बाई’ म्हणणं तिच्या वैतागाची शेवटची पायरी.)

आता जिथे आहे तिथे आम्ही पाळी लावली आहे. उन्हाळ्यात एक महिना नागपूरची रात्र साडेआठ, कॅलिफोर्नियाची सकाळ आठ. पुढचा महिना नागपूरची सकाळ साडेआठ, त्यांची रात्र आठ. सकाळच्या महिन्यात एक गोष्ट पाहावी लागते. आपला सोमवार सकाळ म्हणजे त्यांचा रविवार रात्र, म्हणून सोमवार वर्ज्य. पाळी लावल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. तिकडच्यांना महिनाभर रात्री आठला बसावं लागलं, तेव्हा निम्म्या मीटिंगा मेलवर भागतात असं त्यांच्याच लक्षात आलं.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी माफीचा मेल पाठवला, कारण लपवलं नाही. त्यांनी पुन्हा वेळ दिली. या वेळी उलट निरोप त्यानं लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला: ‘शुक्रवार, १४ नोव्हेंबर. न्यूयॉर्क सकाळी ९:००. नागपूर, भारत, त्याच दिवशी संध्याकाळी ७:३०. बरोबर असल्यास कळवावे.’ तिकडून एका ओळीचं उत्तर आलं, बरोबर आहे. साडेसातला तो बसला. बर्मुडा तीच होती.